तिसऱ्या वर्षाची रेघ

महेंद्र सरांनी तो दात चिमटीत धरून उन्हाकडे केला. प्रवरेकाठच्या त्या खोदकामावर संगमनेरहून कॉलेजची पंधरा-वीस मुलं आली होती, आणि सर रंगात आले होते.

“तीन हजार वर्षांपूर्वीचं पोर. सहा-सात वर्षांचं. ही आडवी रेघ दिसते? दात हिरडीत घडत असताना पोटाला मिळालं नाही, की वाढ तिथे अडते. आईबापानं तिसऱ्या वर्षी उपाशी ठेवलं आणि दातानं चुगली केली!”

मुलं हसली. मागच्यांना मात्र रेघ दिसेना.

शेजारी पंचविशीची छबूबाई माती चाळत होती. हसली की तिचे पुढचे दात दिसत. त्यांवरची रेघ सरांनी कधीच हेरली होती.

“छबूबाई, जरा आ करा बरं.”

तिनं लाजत तोंड उघडलं. सरांनी पेन्सिलीचं टोक दाताशी नेलं. मुलं वाकून बघू लागली.

“हुबेहूब तीच रेघ! बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होता तुम्ही?”

“आसंल तीन वर्साची.”

“ऐकलंत?” सर मुलांकडे वळले.

पलीकडे खापरं धूत बसलेली तिची आई, बायडाबाई, ओल्या हातांनीच उठून आली.

“म्या हिला उपाशी न्हाई ठिवली, सायेब. खडी फोडायला जायचे. दुस्काळी कामावर खायाला सुकडी मिळायची, ती समदी हिलाच. माझ्या वाटची बी. इचारा की हिला.”

छबूबाईनं तोंड मिटलं आणि पदर ओठांवर दाबून धरला.

पेन्सिल कुठे ठेवावी ते सरांना कळेना.

“तापानंही पडते अशी रेघ,” ते पुटपुटले. “गोवर आला तरी पडते.”

ते खरंच होतं, आणि त्यांना पहिल्यापासून ठाऊकही होतं. पण उपासमार म्हटलं की मुलं कान देऊन ऐकत.

बायडाबाईनं सरांच्या तळहातावरच्या त्या दाताकडे पाहिलं.

“मग ह्या लेकराला बी तापच आला आसंल,” ती म्हणाली. “चुलीपाशी पुरलंय त्याला, घरातच. म्याच माती काढली न्हवं का. लांब न्हेऊन टाकवलं न्हाई त्याच्या आईला. त्या माउलीला कशापायी बोल लावता?”