रिकाम्या काट्यावरचं वजन

साखर कारखान्याचा वजनकाटा रिकामा असला तरी पडद्यावर पंधरा किलो दिसायचं, आणि पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांचे बैल काट्याच्या कडेलाच पाय रोवून उभे राहायचे.

"आदी एवढं नव्हतं, ताई," काट्यावरचा वाल्मिक म्हणाला. "दर हंगामाला वाढतंय. लेकरागत."

रुपालीला हसू आलं. काट्याचं वजन संगणकाला कळवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. संगणकाच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, चालणाऱ्या त्या कोडात एका व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्यायचीच राहून गेली होती. मेमरीत आधीचं जे पडून असेल, तेच पडद्यावर यायचं.

"ऱ्हाऊ द्या की," वाल्मिक हळूच म्हणाला. "हितं हाय तवर बरं हाय."

तिने शून्य लिहून ड्रायव्हर पुन्हा चढवला. पडद्यावर शून्य आलं.

"मंग ते गेलं कुठं?"

"कुठंच नाही. पुसलं."

बाहेर पहिली बैलजोडी निमूट काट्यावर चढली. रुपाली रांगेच्या कडेने स्कूटीकडे निघाली, तसे मागचे बैल बुजून तिच्यापासून दूर सरकू लागले.

ती स्कूटीवर बसली. किल्ली फिरवली.

मागची सीट हळूच दबली.