घराची स्थळपाहणी

“हाई घर शे का सरपणनी मोळी?”

उमाकांत सरांनी पडद्याकडे बोट दाखवले आणि वर्ग हसला.

लोणखेड्याच्या त्या खासगी वर्गात संगणकावर घराची संपूर्ण प्रतिकृती उभारण्याचे शिक्षण मिळे. एक भिंत हलवली की नकाशा, छेद आणि साहित्याची यादी आपोआप पालटावी, अशी त्या प्रणालीची किमया. इतरांनी स्लॅबचे बंगले उभारले होते. रविना पावराने धडगावच्या घाटापलीकडचे आपले घर उभारले: सागाचे खांब, बांबूच्या तट्ट्या, वर कौले.

“सर, प्रत्येक खांब वेगळा घेतलाय. माप निराळं आहे प्रत्येकाचं.”

“एक काढ, बाकी कॉपी कर. खांबले बी कुंडली लागस का?”

“घरच्यांना यादी हवी आहे, सर.”

“यादी! तुन्हा घरना लोकेसले वाचता येस का?”

वर्ग पुन्हा हसला. रविना पुढचा खांब मोजून बसवू लागली.

सुरतेच्या एका वास्तुकाराकडे एकच जागा रिकामी होती आणि ती वर्गात पहिल्या येणाऱ्यास मिळणार होती. न मिळाल्यास दिवाळीनंतर रविनाला घरच्यांसह ऊसतोडीस जावे लागणार होते. चुकांची मोजणी संगणकच करी. रविनाची एकही चूक निघाली नाही. दुसऱ्या आलेल्या मिथुनच्या बंगल्यात दोन निघाल्या.

सरांना हे रुचले नाही. परंतु वास्तुकाराची एक अट शिल्लक होती. प्रकल्पातील घर प्रत्यक्षात असले पाहिजे, आणि शिक्षकाने पूर्वसूचना न देता ते पाहून निकाल कळवला पाहिजे. कळवलेला निकाल फिरत नसे.

सर एकटेच निघाले. प्रतिकृतीत नोंदवलेली जागेची खूण फोनवर लावून, घाट ओलांडून, ते नाल्याकाठी उतरले.

तिथे घर नव्हते. मोकळी जमीन, काही खड्डे आणि त्यांत चोच घालणारी एक कोंबडी. सरांनी टेप पिशवीतून काढलाही नाही. आसपास माणसे होती. पण असल्यांना काय विचारायचे, असा त्यांचा स्वभाव.

“माले माहीत व्हतं,” ते समाधानाने पुटपुटले.

ऊन तापले होते. चढावर एक घर दिसले. छपरावर दोघे जण कौले नीट करीत होते. इकडची सगळी घरे सरांना सारखीच दिसत. ओसरीतील पन्नाशीच्या माणसाने घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिले. त्याचे नाव विचारावे, असे सरांना वाटले नाही.

“कोणाकडे आले, साहेब?”

“कोणाकडे नाही. एक खोटं घर बघायला आलो.”

“खोटं घर?”

“कॉम्प्युटरमधलं. तुम्हाला नाही कळायचं.”

“नाही कळायचं,” तो शांतपणे म्हणाला. “पोरं शिकतात आता.”

“शिकतात कसली? फसवायला शिकतात.”

त्याने तांब्या पुन्हा भरून आणला.

चढावर फोनला रेंज होती. सरांनी खांबाला पाठ टेकवून सावकाश लिहिले: ‘स्थळपाहणी केली. घर अस्तित्वात नाही. रविना पावरा अपात्र. मिथुनची निवड व्हावी.’ एकवार वाचले आणि पाठवून दिले. पोच लगेच आली.

मग, केवळ बोलायचे म्हणून, त्यांनी विचारले, “खाली नाल्याकाठी ते खड्डे कसले हो?”

“आमच्या खांबांचे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरायला लागलं. मग भाऊबंद जमले, घर सुटं केलं आणि परवा खांद्यावरून इथं आणून जसंच्या तसं उभं केलं. तुम्ही टेकलात ना, तो मधला खांब. कोणता खांब कुठं लावायचा, ते सगळं आमच्या रविनानं लोणखेड्याहून लिहून पाठवलं होतं.”