चाफा, विळा, रेल्वे

माझ्या नवऱ्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज येते. आजार दुर्मिळ, म्हणून त्यावरच्या नव्या औषधाच्या संशोधनात हे नऊ वर्षं आहेत. दर सहा महिन्यांनी डॉक्टर ह्यांना तीन शब्द सांगतात आणि पाच मिनिटांनी परत विचारतात. शब्द कायम तेच: चाफा, विळा, रेल्वे. स्मरणशक्ती घसरली की पेशंट संशोधनातून बाद आणि मोफत औषध बंद, हे नर्सनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. म्हणून मी घरी रोज घोकून घेते, भाकरी थापतानासुद्धा. आज हे न अडखळता म्हणाले, "चाफा, विळा, रेल्वे." डॉक्टर खूश झाले. "करुणाताई, नऊ वर्षांत काहीच विसरले नाहीत. औषध लागू पडलंय, आता हेच छापून येईल." मी मान डोलावली. घरी परतताना हर्सूलच्या शेअर रिक्षात ह्यांनी सरकून मला जागा करून दिली आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्हाला कुठं उतरायचंय?"