ब्लोअरमधली कात

गाडीतला ब्लोअर दोन दिवस खरखरत होता. आज तो बंदच पडला, तशी वैजयंती दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजवर आली. मागच्या सीटवर तिची तीन वर्षांची लेक झोपली होती.

दस्तगीरने डॅशबोर्डखाली वाकून जळालेली मोटर ओढून काढली. तिच्या पंख्याला सापाची कात गुंडाळली होती. त्याने ती चाचपून पाहिली. अजून ओलसर होती.

"ताई, ओरडू नका," तो हळूच म्हणाला. "साप गाडीतच आहे."

वैजयंतीने मागचं दार उघडलं. सीटखाली काळं शेपूट सरकलं. लेकीचा पाय तिथंच लोंबत होता. श्वास रोखून तिने लेकीला अलगद उचललं आणि धूम पळाली.

मागे नागाचा फूत्कार ऐकू आला.

"आई, झोपू दे ना गं," लेक कुरकुरली.