बुटक्या

नदीच्या बांधाला कुठे काय म्हणतात, हे शब्दकोशासाठी गोळा करता करता माझ्या नाकी नऊ आले होते. त्यात या गावाने कहर केला. बांध चांगला दोन पुरुष उंच, आणि लहानथोर सगळे त्याला म्हणतात बुटक्या!

बांधावर बसलेल्या म्हातारीवर मी वैतागलोच. “आजी, थट्टा करता का माझी? एवढ्या उंच बांधाला बुटक्या?”

“माझ्या धाकट्याला म्हणायचे तसं. पुरात बांधाला भगदाड पडलं. पोती लावायला तो आत उतरला, तर वरून माती कोसळली त्याच्यावर. पाणी थांबलं.”

“मग बाहेर नाही काढलं त्याला?”

आता ती माझ्यावर वैतागली. “अहो, बांध फोडावा लागला असता ना!”