तिसऱ्या रांगेतली छत्री

"नोव्हेंबरात डोंगरावर रानडुकरं जातात सुट्टीला, माणसं नाही जात," बाबा कॉफीच्या कपात पुटपुटले.

लोरेदानाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फोनवरचं तिसरं गाव त्यांच्यापुढे धरलं. पहिल्या गावात धुकं फार, म्हणून नको. दुसऱ्या गावात पाव बिनमिठाचा, म्हणून तेही नको.

"हे बघा. चेस्टनटच्या रानात सगळी मिळून चाळीस घरं. या दिवसांत तर चिटपाखरूही नसेल."

"आणि कॉफीचा बार?"

"गुरुवारपर्यंत बंद असतो."

"मग पत्ते काय चेस्टनटांशी खेळू?"

"पुरे हं, बाबा! तुम्हाला चार दिवस निवांत मिळावेत म्हणून मी मरमर करतेय आणि तुमचा आपला नन्नाचा पाढा!"

तीस वर्षं त्यांचा ऑगस्ट एकाच किनाऱ्यावर, तिसऱ्या रांगेतल्या भाड्याच्या एकाच छत्रीखाली गेला होता. यंदा लोरेदानानेच त्या छत्रीचं आरक्षण सोडून दिलं. शेजारच्या छत्रीखालच्या वांडाबाई आल्या आल्या बाबांना नको ते विचारतील, ही तिची धास्ती.

बाबांनी फोन हळूच तिच्याकडे सरकवला.

"निवांतपणा घरात आहे की भरपूर. किनाऱ्यावर वांडाने निदान विचारलं तरी असतं, 'इल्दे कुठंय?' म्हणून. मी सांगितलं असतं, मार्चमध्ये गेली. या घरात तुझ्या आईचं नावसुद्धा कुणी काढत नाही गं, पोरी."