इंजिनाची काळजी

सिग्नलला गाडी थांबली आणि पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप बंद झालं. ते बंद होऊ न देणारं बटण दाबायला ड्रायव्हर आज विसरला होता.

मागे बसलेले साहेब उखडलेच. "सारखं बंद, सारखं चालू! कितीही दणकट इंजिन असलं तरी झिजणारच ना?"

"साहेब, कंपनी म्हणते, ते सोसेल असंच बनवलंय."

"म्हणायला कंपनीच्या बापाचं काय जातंय?"

त्याने बटण दाबलं.

ऑफिसपाशी उतरताना साहेबांना आठवलं.

"अरे हो, उद्यापासून घरी बस. सलग ठेवलं तर कायम करावं लागेल. महिन्याभराने परत घेतो, दरवेळेसारखं. तुला काय, सवयच आहे!"